शेल वायू : परदेशातील विहिरी आणि भंडाऱ्याच्या शिवारातील प्रश्न

भंडारा जिल्ह्यातील एखाद्या स्वयंपाकघरातील गॅस सिलिंडर आणि अमेरिकेतील टेक्सास राज्यात जमिनीखाली दोन-तीन किलोमीटर खोल दडलेला खडक यांचा एकमेकांशी काही संबंध आहे, असे वीस वर्षांपूर्वी कोणी म्हटले असते, तर त्यावर कोणाचा विश्वास बसला नसता. आज तो संबंध करारपत्रांतून प्रस्थापित झाला आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये आपल्या सरकारी तेल कंपन्यांनी अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावरून २०२६ या वर्षासाठी सुमारे २२ लाख टन स्वयंपाकाचा गॅस आणण्याचा करार केला. भारत दरवर्षी जेवढा स्वयंपाकाचा गॅस आयात करतो, त्याचा हा जवळपास दहावा हिस्सा होय. अमेरिकेकडे विकण्याइतका गॅस आला तो मुख्यतः शेल खडकांतून.

चुलीच्या धुराने ज्या माताभगिनींचे डोळे आणि फुप्फुसे आयुष्यभर होरपळली, त्यांच्या घरी सिलिंडर पोहोचावा, यात दुमत असण्याचे कारण नाही. मात्र जे इंधन आपण वापरतो, ते कोठून येते, कोणाच्या जमिनीतून येते आणि त्याची किंमत कोण चुकविते, हे जाणून घेणे हेही सुजाण नागरिकाचे कर्तव्य आहे. शिवाय हा विषय आपणांस अगदीच परका नाही. महाराष्ट्रात मुख्यालय असलेली एक बलाढ्य कंपनी या शेल विहिरींची भागीदार होती आणि अकरा वर्षांनंतर तेथून बाहेर पडली. त्या अनुभवाकडे गुंतवणूकदाराच्या नव्हे, तर शेतकऱ्याच्या नजरेने पाहावे, असे आम्हांस वाटते.

शेल म्हणजे काय?

शेल म्हणजे चिखलाचे थर कोट्यवधी वर्षे दाबले जाऊन तयार झालेला खडक. त्यात अडकलेल्या सेंद्रिय द्रव्याचे तेल व वायू बनतात. परंतु खडकाची छिद्रे इतकी सूक्ष्म असतात, की साधी विहीर खणून ते वर येत नाहीत. म्हणून प्रथम सरळ खाली आणि नंतर खडकाच्या थरातून आडवे असे लांबच लांब छिद्र पाडले जाते. त्यातून पाणी, वाळू व रसायने यांचे मिश्रण प्रचंड दाबाने सोडून खडकाला तडे दिले जातात. वाळूचे कण ते तडे उघडे ठेवतात आणि वायू वाहू लागतो.

खडक फोडण्याची ही पद्धत १९४९ पासून व्यापारी वापरात होती. टेक्सासमधील जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९९० च्या दशकात ती बार्नेट शेलमध्ये यशस्वी करून दाखविली, आणि पुढे तिला आडव्या छिद्रणाची जोड मिळताच अमेरिकेचे ऊर्जाचित्र पालटले. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवली पाहिजे. शेल विहिरीचे उत्पादन फार लवकर घटते. पहिल्या वर्षातच ते बहुधा निम्म्याहून खाली येते. म्हणून उत्पादन टिकवायचे, तर नव्या विहिरी सतत खोदत राहावे लागते. त्यासाठी पैसा लागतो, पाणी लागते आणि नवनवी जमीन लागते. या व्यवसायाची घाई आणि त्याचा धोका या एका वैशिष्ट्यातून जन्माला येतात.

मुंबईची कंपनी, पेनसिल्व्हेनियाची जमीन

२०१० हे वर्ष रिलायन्स इंडस्ट्रीजच्या दृष्टीने शेलचे वर्ष होते. एप्रिलमध्ये कंपनीने अ‍ॅटलास एनर्जीबरोबर करार करून पेनसिल्व्हेनियातील मार्सेलस शेलमध्ये ४० टक्के वाटा घेतला. त्याचे मूल्य होते सुमारे १.७ अब्ज डॉलर. जूनमध्ये पायोनियर नॅचरल रिसोर्सेस या कंपनीच्या टेक्सासमधील ईगल फोर्ड शेलमध्ये ४५ टक्के वाटा सुमारे १.३ अब्ज डॉलरना घेतला गेला. ऑगस्टमध्ये कॅरिझो ऑइल अँड गॅसबरोबर मार्सेलसमध्येच आणखी ६० टक्क्यांची भागीदारी ३९ कोटी २० लाख डॉलरना झाली. पाच महिन्यांच्या आत हे तीन सौदे झाले. सरकारी कंपन्याही मागे राहिल्या नाहीत. गेलने २०११ मध्ये कॅरिझोच्या ईगल फोर्डमधील क्षेत्रात २० टक्के वाटा घेतला. २०१२ मध्ये ऑइल इंडिया व इंडियन ऑइल यांनी मिळून कोलोरॅडोतील क्षेत्रात ३० टक्के वाटा घेतला.

त्या काळी हा निर्णय अविचारी वाटण्याजोगा नव्हता. २००८ च्या मध्यावर अमेरिकेत नैसर्गिक वायूचा भाव एका एककाला १३ डॉलरपर्यंत गेला होता, आणि नवे तंत्र शिकून घेण्याची संधीही त्यात होती. परंतु जे रिलायन्सला दिसले, ते इतर सर्वांनाही दिसले होते. सगळ्यांनी एकाच वेळी विहिरी खोदल्या, बाजारात वायूचा पूर आला आणि एप्रिल २०१२ मध्ये भाव २ डॉलरच्या खाली घसरला. २०१४ च्या मध्यानंतर खनिज तेलही कोसळले. एप्रिल २०२० मध्ये कोरोनाच्या काळात तर अमेरिकी तेलाचा वायदा एका दिवसापुरता शून्याच्याही खाली गेला. तेल घेऊन जाण्यासाठी विक्रेताच पैसे देऊ लागला!

मग माघार सुरू झाली. २०१५ मध्ये पायोनियर व रिलायन्स यांनी ईगल फोर्डमधील वाहिन्यांचा संयुक्त व्यवसाय २.१५ अब्ज डॉलरना विकला. त्यात चांगली रक्कम हाती आली. २०१७ मध्ये मात्र कॅरिझोबरोबरचा मार्सेलसमधील वाटा १२ कोटी ६० लाख डॉलरना विकावा लागला, म्हणजे घेतलेल्या किमतीच्या एक तृतीयांशाहूनही थोड्या कमी रकमेला. मार्सेलसमधील उर्वरित वाटा २०२१ च्या आरंभी २५ कोटी डॉलर रोख व काही समभागहक्क या मोबदल्यात देण्याचा सौदा झाला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ईगल फोर्डमधील शेवटचा हिस्सा विकून रिलायन्सने उत्तर अमेरिकेतील शेल व्यवसायाचा निरोप घेतला. ऑइल इंडियाही २०२२ मध्ये कोलोरॅडोतून बाहेर पडली. या विहिरींनी मधल्या काळात उत्पन्नही दिले. म्हणून खरेदी-विक्रीच्या आकड्यांतील फरक हा सगळाच तोटा, असे म्हणणे न्याय्य होणार नाही. परंतु ज्या आशेने पाऊल टाकले, ती आशा फळाला आली नाही, हे उघड आहे.

कंपनीच्या दृष्टीने ही गोष्ट येथे संपते. आकडे ताळेबंदात लिहिले जातात, पान उलटले जाते. आम्हांस विचार करावासा वाटतो तो या पानाच्या दुसऱ्या बाजूचा. विहिरी ज्यांच्या शेतात खोदल्या गेल्या, ते लोक तेथेच आहेत. अ‍ॅटलास गेली, तिच्या जागी शेवरॉन आली. शेवरॉनही २०२० मध्ये गेली, दुसरी कंपनी आली. एकाच शिवारावरचे नावाचे फलक दहा वर्षांत दोनदा बदलले. शिवार मात्र तेच राहिले.

जमीनमालकाचा वाटा

अमेरिकेतील व्यवस्था आपल्याहून वेगळी आहे. तेथे जमिनीखालचे खनिज बहुधा खाजगी मालकीचे असते. कंपनी शेतकऱ्याशी भाडेपट्टा करते, सुरुवातीला एकरामागे ठराविक रक्कम देते आणि पुढे उत्पादनातील वाटा देते. पेनसिल्व्हेनियाच्या १९७९ च्या कायद्यानुसार हा वाटा किमान एक अष्टमांश असावा लागतो. दुग्धव्यवसाय डबघाईला आलेल्या अनेक शेतकरी कुटुंबांना या पैशाने तारले, हे मान्य केलेच पाहिजे.

परंतु वाटा कागदावर लिहिणे निराळे आणि हातात पडणे निराळे. वायू शुद्ध करण्याचा व बाजारापर्यंत पोहोचविण्याचा खर्च आधी वजा करून उरलेल्या रकमेवर वाटा द्यावा की कसे, हा वाद पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१० मध्ये न्यायालयाने अशी वजावट कायद्यात बसते, असा निर्णय दिला. भाव पडल्यावर वजावटीनंतर हातात नाममात्र रक्कम पडल्याच्या तक्रारी तेथील शेतकऱ्यांनी वारंवार केल्या. ज्याने करारातील बारीक अक्षरे वकिलाकडून वाचून घेतली तो वाचला. ज्याने शेजाऱ्याने सही केली म्हणून आपणही केली, तो फसला.

पाण्याच्या बाबतीत याहून कठीण प्रसंग आले. पेनसिल्व्हेनियाच्या ससक्वेहाना परगण्यात डिमॉक नावाचे छोटे गाव आहे. तेथे रिलायन्सचा नव्हे, तर कॅबट ऑइल अँड गॅस या अमेरिकी कंपनीचा कारभार होता. १ जानेवारी २००९ रोजी तेथील एका घराच्या पाण्याच्या विहिरीत साठलेल्या मिथेन वायूचा स्फोट झाला. राज्याच्या पर्यावरण विभागाने चौकशीअंती कंपनीला जबाबदार धरले. कंपनीने ते दीर्घकाळ अमान्य केले. २०२० मध्ये फौजदारी आरोप ठेवले गेले आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कॅबटची उत्तराधिकारी कोटेरा कंपनी नळपाणी योजनेसाठी १ कोटी ६० लाख डॉलरहून अधिक रक्कम देण्यास तयार झाली. स्वच्छ पाण्याचे नुसते आश्वासन मिळायला तेरा वर्षांहून अधिक काळ गेला. न्यायालये स्वतंत्र, वृत्तपत्रे जागरूक आणि जमीनमालक हक्कांविषयी सजग असलेल्या देशात ही स्थिती, तर दुर्बळांची काय कथा?

पाण्याचा हिशेब

शेल विहिरीला पाणी किती लागते? मार्सेलसमधील सुरुवातीच्या काळातील एका विहिरीला खडक फोडण्यासाठी साधारण दीड ते दोन कोटी लिटर पाणी लागत असे. हा आकडा ऐकून छाती दडपते. पण आपल्या जिल्ह्यातील धान उत्पादकाने तो आपल्या मापाने मोजून पाहावा. एका हेक्टर धानाला संपूर्ण हंगामात एक ते दीड कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे एक विहीर आणि दीड-दोन हेक्टर धान यांची पाण्याची गरज जवळपास सारखीच आहे.

मग फरक कोठे? धानाच्या बांधीतील पाण्याचा काही भाग जमिनीत मुरतो, काही वाफ होऊन आकाशात जातो आणि उरलेला नाल्यावाटे खालच्या मामा तलावात उतरतो. ते पाणी निसर्गाच्या फेऱ्यातच राहते. शेल विहिरीत गेलेले पाणी मात्र एक तर कायमचे पाताळात राहते, नाही तर अतिशय खारट व रसायनमिश्रित होऊन परत येते. ते नदीत सोडता येत नाही. ओक्लाहोमा राज्यात तेल-वायूच्या उत्पादनातून निघालेले असे सांडपाणी खोल विहिरींत पुन्हा जिरविण्यात आले आणि जेथे भूकंप क्वचितच होत, तेथे धरणीकंपांची मालिका सुरू झाली. ३ सप्टेंबर २०१६ रोजी पॉनी येथे ५.८ तीव्रतेचा धक्का बसला. म्हणून पाणी किती घेतले, याइतकेच ते कसे परत केले, हेही विचारले पाहिजे.

आपल्या मातीतील धडा

भंडारा जिल्ह्याच्या भूमीत शेल वायू नाही. येथील साकोली व सौसर मालिकेतील खडक शंभर कोटी वर्षांहून जुने असून उष्णता व दाबाने पार रूपांतरित झालेले आहेत. त्यांत मँगनीज आहे, कायनाइट आहे, तेल-वायू नाही. मग आपण ही चर्चा का करावी? कारण खनिज बदलले तरी प्रश्न बदलत नाहीत.

इतिहासाचा एक योगायोग येथे आठवतो. रिलायन्स पेनसिल्व्हेनियात गेली, त्याच्या शंभराहून अधिक वर्षे आधी एक परकी कंपनी आपल्या भागात आली होती. १८९६ साली सुरू झालेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट या ब्रिटिश उपक्रमाने नागपूर-भंडारा-बालाघाट पट्ट्यातील मँगनीज जगाच्या बाजारात नेले. त्यातूनच १९६२ मध्ये मॉइल ही कंपनी उभी राहिली. तुमसर तालुक्यातील चिखला व डोंगरी बुजुर्ग येथील तिच्या खाणी सर्वपरिचित आहेत. म्हणजे जमिनीखालचे धन दुसऱ्याने नेण्याचा अनुभव आपल्या जिल्ह्याला अमेरिकी शेतकऱ्यापेक्षा जुना आहे. फरक एवढाच, की आपल्याकडे खाणीवरचे स्वामित्वधन सरकारकडे जाते; शेतकऱ्याला मिळते ती केवळ वरच्या जमिनीची भरपाई. २०१५ च्या कायदादुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने स्थापन झाली आणि जुन्या खाणपट्ट्यांनी स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम खाणबाधित लोकांसाठी त्यांत भरावी, असे ठरले. हा आपला ‘वाटा’ आहे. अमेरिकी शेतकरी वाट्याचा हिशेब तपासतो. आपल्या गावांनीही तो तपासावयास हवा.

गोसीखुर्दची कहाणीही याच जातीची आहे. २२ एप्रिल १९८८ रोजी तत्कालीन पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते पायाभरणी झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी रुपये होता. २००९ मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला आणि खर्चाचे सुधारित आकडे हजारो कोटींच्या घरात गेले. प्रकल्पाचा लाभ कोठे पोहोचला, हे नकाशावर दाखविता येते. पण वैनगंगाकाठची सुपीक बांधी सोडून पुनर्वसनाच्या वसाहतीत आलेल्या कुटुंबांना काय मिळाले, याचे उत्तर नकाशात नाही. त्यातच नागपूरचे सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानमध्ये आणि तेथून या जलाशयात उतरते. ज्यांनी जमीन दिली, त्यांच्याच वाट्याला दूषित पाणी आले. डिमॉक आणि पवनी यांच्यामध्ये हजारो मैलांचा समुद्र आहे, पण दुःखाची भाषा एकच आहे.

परदेशातील शेल वायू आपल्या शेतापर्यंत आणखी एका वाटेने येतो. युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि भारताला लागणाऱ्या वायूचा जवळपास अर्धा भाग द्रवरूपात आयात होतो. गेलने अमेरिकेतून घेतलेल्या वायूचे पहिले जहाज ३० मार्च २०१८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळला लागले. ४५ किलोच्या युरियाच्या गोणीचा भाव सरकार बांधून देते. तो २६६ रुपयांच्या आसपास आहे. त्यामुळे वायू महागला तरी शेतकऱ्याला ते गोणीच्या किमतीत जाणवत नाही; तो भार अनुदानाच्या रूपाने सरकारी तिजोरीवर पडतो. पण २०२२ मध्ये युद्धामुळे रशियन कंपनीच्या शाखेकडून येणारा वायू थांबला, तेव्हा गेलला खत कारखान्यांच्या पुरवठ्यातही कपात करावी लागली. रोवणी झाल्यावर खताच्या रांगेत उभा राहणारा लाखांदूरचा शेतकरी जगाच्या बाजाराशी असा बांधला गेला आहे.

आणि आता वायुवाहिनी आली आहे. मुंबई-नागपूर-झारसुगुडा वाहिनीचा पूर्वेकडील टप्पा नागपूरहून छत्तीसगढमार्गे ओडिशाकडे जातो. पूर्व विदर्भातील शेतशिवारांशी त्याचा थेट संबंध आहे. अशा वाहिन्यांसाठी १९६२ च्या कायद्याने जमिनीची मालकी नव्हे, तर केवळ वापराचा हक्क घेतला जातो. त्यासाठी पिकाच्या व इतर नुकसानीखेरीज जमिनीच्या बाजारभावाच्या दहा टक्के मोबदला ठरविलेला आहे. शेती पुढे करता येते. परंतु त्या पट्ट्यावर घर बांधता येत नाही, विहीर वा तलाव खोदता येत नाही, झाड लावता येत नाही. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर राहतो, पण हात मात्र बांधले जातात. सही करण्यापूर्वी हे त्याला कोणी समजावून सांगते का?

काय मागावे?

२०२५ मध्ये संसदेने १९४८ च्या तेलक्षेत्र कायद्यात दुरुस्ती केली आणि शेल तेल व शेल वायू यांचा खनिज तेलाच्या व्याख्येत समावेश केला. देशात इतरत्र शेल विहिरींचा मार्ग त्यामुळे अधिक मोकळा झाला आहे. अशा वेळी परदेशातील अनुभवावरून काही मागण्या सहज सुचतात. पहिली, काम सुरू होण्याआधी परिसरातील विहिरींच्या पाण्याची तपासणी व्हावी व तिचा अहवाल ग्रामपंचायतीच्या दप्तरी राहावा. डिमॉकमध्ये वाद लांबला, याचे एक कारण पूर्वीचे पाणी कसे होते, याचा पुरेसा पुरावा नव्हता. दुसरी, करार मराठीत असावा आणि ग्रामसभेत मोठ्याने वाचला जावा. तिसरी, काम बंद झाल्यावर जमीन पूर्ववत करण्याची रक्कम कंपनीने आधीच अनामत ठेवावी. अमेरिकेत बेवारस सोडलेल्या जुन्या विहिरी बुजविण्यासाठी २०२१ मध्ये सरकारला ४.७ अब्ज डॉलरची तरतूद करावी लागली; नफा खाजगी झाला आणि निस्तरणे जनतेच्या पदरी आले. चौथी, कंपनीची मालकी बदलली तरी जबाबदारी बदलू नये.

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. प्रकल्पाच्या परिणामांचा अभ्यास प्रकल्प ठरल्यानंतरची औपचारिकता नसावा, तो आधी व्हावा. आणि त्या चर्चेत स्थानिक रहिवाशांना विशेष स्थान असावे, असा त्यांचा आग्रह होता. या सूचनेला धर्माची सीमा नाही. तुमसरच्या खाणकामगाराला आणि पवनीच्या प्रकल्पग्रस्ताला ती सारखीच लागू पडते.

आम्ही विकासाचे विरोधक नाही. सिलिंडर हवा, खत हवे, रोजगारही हवा. परंतु मोठ्या कंपनीला चूक परवडते. ती आपला हिस्सा विकून दुसऱ्या देशी जाऊ शकते. गावाला तशी सोय नसते. म्हणून ज्याला जाता येणार नाही, त्याचे म्हणणे सर्वांत आधी ऐकले जावे, एवढीच आमची अपेक्षा आहे. आपल्या गावात पुढच्या वेळी भूसंपादनाची वा वापरहक्काची नोटीस येईल, तेव्हा ती घरी ठेवून न देता ग्रामसभेत न्यावी, जाणत्या व्यक्तीकडून वाचून घ्यावी आणि मुदतीच्या आत लेखी हरकत नोंदवावी. नोटिशीवरील ती मुदत एकदा उलटून गेली, की पुढची तेरा वर्षे वाट पाहण्याची पाळी आपल्यावर येऊ शकते.